शेरा : माहेरी गेली

इंदिरानगर, नाशिक
१० फेब्रुवारी २०२६

ती. सिंधूताई,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. मोतीराम दाजींनाही सांग. इकडे सगळं ठीक. तिकडे कसं आहे हे पत्रात विचारायची रीत असते म्हणून विचारते, उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

फोन सोडून ही पत्राची काय हौस, असं म्हणशील. तेराव्यानंतर मी तुला चार वेळा फोन लावला. दोनदा तू उचललास, ‘हा, बोल साधना’ म्हणालीस, आणि मी रेंज नसल्याचं सोंग करून ठेवून दिला. बावीस वर्षं नर्सबाईची नोकरी करून मला एक गोष्ट नीट येते, ती म्हणजे लिहिणं. रजिस्टर, अहवाल, गोषवारा, काय म्हणशील ते. म्हणून लिहिते. तू सातवीपर्यंतच शिकलीस, पण तुझी आई, माझी मावशी, तुझं अक्षर सगळ्यांना दाखवायची आणि मला चिमटा काढायची, हे मी विसरलेले नाही.

तुमच्या गावचा भिकन डाळिंबाची पिकअप घेऊन मार्केटला आलाय. परत रिकामाच जातो, त्याच्याकडे हे देते. सोबत बाळाच्या दुधाच्या पावडरीचे दोन डबे आणि एक वाटी-चमचा आहे. बाटलीनं पाजू नकोस, वाटी-चमच्यानंच पाज. पाणी उकळून गार केलेलं घे. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालायचं, पुरवायचं म्हणून पातळ करायचं नाही. बाळ एक किलो नऊशेचं आहे, तेव्हा दिवसातून जितका वेळ जमेल तितका वेळ उघड्या छातीशी धरून वरून लुगडं गुंडाळून बस. आंघोळीची घाई नको. टाळूवर तेल थापू नको. दीड महिन्याची लस ५ मार्चला, गुरुवारी. तुमच्याकडं लसीकरणाचा दिवस कोणता ते आशाताईला विचार. त्या दिवशी नसलं तर नामपूरच्या दवाखान्यात घेऊन जा, पण चुकवू नको.

तुझ्या सायलीला जाऊन आज अठरा दिवस झाले.

हे वाक्य लिहून मी चहा करून आले. मला रडू येत नाही, ताई. तेराव्याला सगळ्या बायका रडत होत्या आणि मी पत्रावळी मोजत होते, हे तू पाहिलंस. कुणीतरी म्हणालं, नर्सबाईंचं काळीज घट्ट असतं. तसं काही नाही. सकाळी साडेआठला स्कूटी काढते, उपकेंद्राचं कुलूप उघडते, बायकांची वजनं घेते, संध्याकाळी परत येते. जेवणाची चव लागत नाही, पण जेवण राहतही नाही. माझ्या रूपालीनं परवा सायलीचा तो पिवळा ड्रेस घातला, मागच्या दिवाळीत दोघींनी बदलून घेतलेला. मी नुसतं म्हणाले, बाहीची शिवण उसवलीय, काढून ठेव.

सायलीच्या सासरी तेराव्याला जे झालं त्याबद्दल लिहायला हवं. तू सगळ्यांसमोर तिच्या सासूचे, भागुबाईंचे पाय धरलेस. ‘चूक मनीच शे याहीणबाई, मीच हट्ट करीसन लई गऊ तिले.’ भागुबाईंनी पाय मागं घेतले नाहीत. म्हणाल्या, ‘इथं असती तर वाचली असती. घरापासून हाकेच्या अंतरावर नर्सबाई हाय. जिला पोटची पोर सांभाळता आली नाय तिच्याकडं नात कशी ठिवू मी?’ मी तीन हातांवर उभी होते. जीवन खाली बघत होता. त्याला पोलिओचा डोस मी पाजलेला, त्याच्या घरात सायली दिली तीही माझ्याच शब्दावर. फुलांचा मळा आहे, घर शहराला लागून आहे, सासू तोंडानं फटकळ पण मनानं चांगली, असं मीच तुला सांगितलं होतं. ते अजूनही खरं आहे.

आता कामाचं. बाळंतपणात बाई दगावली की सरकार त्याची चौकशी करतं. शिक्षेसाठी नाही, कुठं उशीर झाला ते शोधून पुढची बाई वाचावी म्हणून. हेतू चांगला आहे. १२ मार्चला नाशिकला मीटिंग आहे, तुला आणि जीवनला बोलावणं येईल, भाड्याचे पैसे मिळतील. येताना सायलीचं गरोदरपणाचं कार्ड आण. त्याआधी एक फॉर्म भरून द्यायचा असतो. तो सासरच्या गावच्या नर्सबाईनं भरायचा, म्हणजे मी. त्यात विचारलंय, उशीर कुठं झाला : घरी, वाटेत, की दवाखान्यात. घरी किती तास आणि कारण काय. तू सांगितलंस तसं मी लिहिलं. सकाळी आठला डोकं दुखायला लागलं, एकला झटका आला. पाच तास. कारणाच्या रकान्यात मी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘कुटुंबाला गांभीर्य समजले नाही.’

असंच लिहितात. छापील असल्यासारखं ठरलेलं वाक्य आहे.

बाळाचं बारसं केलं नसशील. घाई नाही.

तुझी लहान बहीण,
साधना

*

इंदिरानगर, नाशिक
२४ फेब्रुवारी २०२६

ती. सिंधूताई,

नमस्कार. तू घासून पुसून ठेवलेले रिकामे डबे, चार डाळिंबं आणि तुझी चिठ्ठी भिकननं दिली. रिकामा डबा माघारी पाठवताना त्यात काहीतरी घालायची तुझी सवय असल्या दिवसांतही सुटत नाही. बाळ दोन किलो दोनशे झालं हे वाचलं. छान वाढतंय. हे तुझ्या छातीच्या उबेनं झालंय, पावडरीनं नाही. हे मी नर्सबाई म्हणून सांगते.

तुझ्या चिठ्ठीतलं पुढचं मी आठवडाभर घेऊन फिरतेय. ‘मीटिंगले कार्ड आणस. याहीणबाईले सांग, पोर त्यासनीच शे, मीटिंग झाली की लई जा. मनाकडून एक पोर सांभाळायनी नही.’ आणि त्याखाली, ‘साधना, मी कार्ड दहादा वाचं. त्यावर तर सगळं बरोबर व्हतं ना? मनं काय चुकनं?’

हे तू मला विचारलंस. दुसऱ्या कुणाला विचारू नकोस.

भागुबाईंना मी अजून निरोप दिलेला नाही. तू बाळ द्यायची घाई करू नको, एवढंच सध्या सांगते.

इथल्या बातम्या सांगते. माझ्या उपकेंद्रात भिंतीवर एक चौकट आहे. नऊ वर्षांत एकही माता मृत्यू नाही म्हणून साहेबांच्या सहीचं प्रशस्तिपत्र. ते खोटं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा निम्म्या बाया घरीच बाळंत व्हायच्या, विळ्यानं नाळ कापलेली मी पाहिली आहे. मग सरकारनं गाड्या दिल्या, दवाखान्यात बाळंत झालं की पैसे दिले, आशाताई नेमल्या. आता ‘घरी झालेली प्रसूती’ या रकान्यात मी दर महिन्याला ‘निरंक’ लिहिते, म्हणजे एकही नाही. हा शब्द लिहिताना मला छान वाटायचं, खोटं कशाला बोलू.

जानेवारीचा अहवाल मी ३१ तारखेला भरला. सायलीला जाऊन आठ दिवस झाले होते. त्यात एक ओळ असते, माता मृत्यू किती. दोन तालुक्यांच्या साहेबांचं आपसात फोनवर बरंच चाललं होतं, ही केस कुणाकडं धरायची. राहायला ती आमची, मेली तेव्हा तुमच्याकडची, जीव गेला नाशिकच्या सिव्हिलमध्ये. मी यादी उघडून पाहिली. आमच्या यादीत सायलीच्या नावापुढं शेरा होता : माहेरी गेली. शेरा पडला की ते नाव आमच्या मोजणीतून निघतं आणि माहेरच्या यादीत जावं अशी अपेक्षा असते. तुमच्या यादीत ते गेलंच नव्हतं. तिकडच्या उपकेंद्राची जागा दीड वर्ष रिकामी, एक सिस्टर तीन उपकेंद्रं बघते. कुणी नाव शोधून ओढून घ्यायचं, तर त्यासाठी बसलेलं माणूस हवं.

म्हणून माता मृत्यूच्या ओळीत मी ‘निरंक’ लिहिलं. नियमानं तेच बरोबर होतं. सही केली आणि मटकी भिजत घालायची राहिलीय हे आठवून घरी आले.

शेरा माझ्या हातचा आहे.

बाकीचं या कागदावर मावणार नाही. खरं म्हणजे मावेल, पण भिकन खाली हॉर्न वाजवतोय.

तुझी लहान बहीण,
साधना

*

इंदिरानगर, नाशिक
१ मार्च २०२६, रविवार

ती. सिंधूताई,

मागच्या पत्रात मी भिकनच्या हॉर्नवर ढकललं. भिकन त्या दिवशी अर्धा तास खाली चहा पीत बसला होता.

आता सांगते. दाजी जवळ असतील तर त्यांनाही वाचून दाखव, पण आधी तू एकटी वाच.

१८ डिसेंबर, गुरुवार. तू सायलीला न्यायला शंभरावर किलोमीटरांवरून गाडी करून आली होतीस. भागुबाईंसाठी लाडू आणि लुगडं आणलं होतंस. दुसऱ्या दिवशी अमावास्या, तिसऱ्या दिवशी पौष लागणार, आणि तिला आठवा लागणार. आठव्यात वेस ओलांडू देत नाहीत आणि पौषात लेक नेत नाहीत. म्हणजे तो एक दिवस चुकला असता तर पहिलं बाळंतपण सासरी झालं असतं. हे तुलाही माहीत होतं, भागुबाईंनाही आणि मलाही. निघताना सायली माझ्याकडं शेवटची तपासणी करून घ्यायला आली. तू गाडीतच बसलीस, गुडघे दुखत होते म्हणून.

मी तिचं बीपी घेतलं. एकशे शेहेचाळीस, शहाण्णव. तिला पाच मिनिटं पडायला सांगितलं आणि पुन्हा घेतलं. एकशे चव्वेचाळीस, चौऱ्याण्णव. लघवी तपासायच्या पट्ट्या तीन महिन्यांपासून आलेल्या नव्हत्या. एका महिन्यात वजन तीन किलोनं वाढलं होतं.

हे आकडे कार्डावर आले की कार्डावर तांबडा शिक्का मारायचा असतो, ‘अतिजोखमीची माता’. शिक्क्याच्या बाईला आमच्याकडून माहेरी पाठवायचं तर डॉक्टरांनी बघून सही द्यावी लागते. डॉक्टर मॅडम त्या दिवशी मीटिंगला गेल्या होत्या, शनिवारी भेटणार होत्या. शिक्का पडला की दर आठवड्याला बीपी, गोळ्या, सिव्हिलला आधीच नाव, आणि दुखायला लागायच्या आत गाडी. तो शिक्का म्हणजे तेवढंच असतं, बाकी काही नाही. पण बायांना तो कपाळावर मारल्यासारखा वाटतो.

सायलीनं माझा हात धरला. ‘मावशी, लिहू नको ना गं. शिक्का बघितला की सासूबाई पाठवायच्या नाहीत. परत पौष. मला आईकडं जायचंय. तिथं गेले की मी रोज बीपी बघून घेईन, तुझी शपथ.’ आणि हसली. मला म्हणाली, ‘तुझ्या मशीनचंच बीपी वाढलं असेल, किती जुनं झालंय ते.’

मी कार्डावर एकशे तीस, चौऱ्याऐंशी लिहिलं.

तू दहादा वाचलेला आकडा तो. ताई, कार्ड चुकीचं होतं. तुझं काही चुकलं नाही.

पूर्वी माझी एक पद्धत होती. आमच्या जुन्या सिस्टरनं शिकवलेली. पोरगी माहेरी निघाली की तिच्या पदराच्या टोकाला एक चिठ्ठी बांधायची, तिथल्या नर्सबाईच्या नावानं : हिचं रक्त कमी आहे, हिचं पहिलं पोट पडलेलं आहे, हिच्याकडं लक्ष असू द्या. गाठ सोडून चिठ्ठी दिल्याशिवाय पोरींना चैन पडत नसे. कितीतरी वर्षं मी अशा चिठ्ठ्या बांधल्या. मग सगळं ऑनलाइन झालं आणि साहेब म्हणाले, सिस्टर, आता नाव आपोआप जातं, चिठ्ठ्या कसल्या बांधताय, देवीचा अंगारा आहे का. सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून बांधली नाही. सायलीला बांधायचं मनात आलं होतं. पण चिठ्ठीत खरा आकडा लिहावा लागला असता आणि कार्डावर वेगळा होता. तिला म्हटलं, जा, मी तिकडच्या सिस्टरना फोन करते.

फोन केला. एकदा. लागला नाही. दुसऱ्यांदा केला नाही. का नाही, याला कारण नाही. कुष्ठरोगाचा सर्व्हे लागला, मग अहवाल, मग आणखी काही. मी तिच्या नावापुढं शेरा भरला आणि नाव माझ्या यादीतून गेलं. जे नाव यादीत दिसत नाही त्याची आठवण कुणी करून देत नाही. मी तिची सख्ख्या मावशीसारखी मावशी, मला यादीनं आठवण करून द्यायला हवी होती का, हे मी स्वतःला विचारते.

मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी तुला भरल्या मिरच्यांची कृती विचारायला फोन केला होता, आठवतं? ताकात किती दिवस ठेवायच्या ते. मग मी विचारलं, सायली कशी आहे. तू म्हणालीस, ‘बरी शे. पाय जरा सुजतंस. चेहराबी भरी आला.’ आणि मी, बावीस वर्षं नोकरी केलेली नर्सबाई, तुला म्हणाले, ‘पहिलटकरणीचे सुजतातच गं.’ आणि मीठ किती घालायचं ते विचारलं. मिरच्या अजून बरणीत आहेत. उन्हात ठेवायच्या राहिल्या.

त्या पाच आठवड्यांत तिचं बीपी एकदाही घेतलं गेलं नाही. तुमच्या आशाताईच्या वहीत ती पाहुणी होती. पाहुणीची नोंद कुठं करायची, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. २२ तारखेला सकाळी डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात असं ती म्हणाली, तेव्हा तू कार्ड काढून बघितलंस. आशाताईला दाखवलंस. ती म्हणाली, नॉर्मल आहे, आराम करू द्या, दुपारी बघू. तुम्ही दोघींनी कागदावर विश्वास ठेवला. आम्ही गावोगाव फिरून बायांना हेच शिकवलं होतं, कार्ड जपा, कार्ड दाखवा, कार्डावर विश्वास ठेवा. तू शिकलीस ते बरोबर शिकलीस. सिव्हिलच्या दारात स्ट्रेचर आत जाताना तू डॉक्टरच्या हातात कार्ड दिलंस. ‘साहेब, कार्डवर सगळं बरोबर शे ना.’ मी तुझ्या शेजारी उभी होते, ताई. तेव्हाही मी बोलले नाही. तालुक्याला पोट फाडून बाळ काढलं होतं, ते माझ्या हातात होतं. मी त्याच्या टोपीची नाडी नीट करत बसले.

तेराव्याला तू पाय धरलेस तेव्हा बोलले नाही. फॉर्ममध्ये तुझ्या नावावर पाच तास लिहिताना बोलले नाही. नोकरी जाईल याची भीती होती का? असेल. पेन्शनला आठ वर्षं आहेत, रूपालीचं कॉलेज आहे. पण खरं सांगू, भीतीसुद्धा नीट वाटत नव्हती. दिवस चालले होते, मी चालत होते.

तुझी चिठ्ठी आली, ‘मनं काय चुकनं?’ ते वाचल्यावर मला शांत बसवेना.

शुक्रवारी मी डॉक्टर मॅडमकडं गेले. माझ्या पर्समध्ये एक छोटी डायरी असते, त्यात मी सगळ्या बायांचे आकडे आधी लिहून घेते. १८ डिसेंबरचं पान उघडून त्यांच्यापुढं ठेवलं. फॉर्ममधलं ‘कुटुंबाला गांभीर्य समजले नाही’ खोडरबरानं पुसलं आणि पेननं लिहिलं : ‘कार्डावर रक्तदाबाची चुकीची नोंद. माहेरच्या उपकेंद्राला कळवले नाही. नोंद करणारी व्यक्ती : मी.’ मॅडम रूपालीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. पान वाचून म्हणाल्या, ‘सिस्टर, एकदा कागदावर आलं की मला थांबवता येणार नाही.’ मी म्हटलं, माहीत आहे. मग त्या म्हणाल्या, ‘पट्ट्या नव्हत्या, तिकडची जागा रिकामी होती, तेही लिहा.’ ते मी शेवटी लिहिलं. वर नाही लिहिलं.

काल भागुबाईंच्या मळ्यात गेले. त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या, संध्याकाळच्या गाडीला द्यायच्या म्हणून. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, ऐकलंच नाही. चार-पाच जुड्या बांधून झाल्यावर म्हणाल्या, ‘म्हंजी माझ्या भ्यानं लपिवलं पोरीनं.’

मी म्हटलं, लपवलं मी. ती लेकरू होती.

‘मी नसतं का पाठिवलं? आधी दवाखान्यात नेलं असतं न् मंग पाठिवलं असतं. पौष गेला चुलीत.’ मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘त्या बाईनं माझे पाय धरले तवा तू तिथंच व्हती ना? पत्रावळी मोजीत व्हती.’

मी हो म्हटलं.

‘लय वाईट केलं तू,’ एवढंच म्हणाल्या. मला बस म्हणाल्या नाहीत, जाही म्हणाल्या नाहीत. मी खाली बसून जुड्या बांधायला लागले. तासभर आम्ही दोघी जुड्या बांधत होतो. निघताना त्यांनी निरोप दिला, तो त्यांच्याच शब्दांत देते : ‘तिला सांग, गुरुवारी मी न् जीवन येतोय. पोरीची लस हाय ना. बघायला येतोय, न्यायला नाय. दूध तिथलं मानवलंय, तिथंच ऱ्हाऊ दे.’

तेव्हा गुरुवारी पाहुणे आहेत. बाळाला आंघोळ लसीच्या आधी घाल, नंतर नको. लसीनं रात्री ताप येईल, घाबरू नको, सिस्टर गोळी किंवा थेंब देतील ते डोस विचारून घे. आणि बाळाचं नवं कार्ड बनेल तेव्हा आईच्या रकान्यात सायलीचंच नाव लिहायला लाव. कुणी म्हणेल, सांभाळणारी कोण तिचं लिहा. ऐकू नको. सांभाळणारीसाठी वेगळी ओळ आहे, तिथं तुझं लिही.

१२ तारखेला मीटिंगला ये. कार्ड आण. तिथं तुला विचारतील, घरी किती वेळ गेला. तू पाच तास सांगशील, कारण तू खोटं बोलत नाहीस. मग मला विचारतील. मी तिथं असेन. तुझ्या शेजारी बसणार नाही, समोर बसेन, तू म्हणशील तर दाराबाहेर बसेन.

डायरीतलं ते पान मॅडमनी घेतलं. त्याचा फोटो काढून प्रिंट या पत्रात घातली आहे. अक्षर वाईट आहे पण आकडे वाचता येतील. ते दाजींना दाखव, भावकीत दाखव, ज्यांनी तेराव्याला मान हलवली त्या सगळ्यांना दाखव. मला वाईट वाटेल म्हणून ठेवून देऊ नकोस. तू ठेवून देशील, म्हणून बजावते.

मिरच्या आज उन्हात घातल्या.

सायलीनं माझा हात धरला होता, तो अजून धरल्यासारखा वाटतो. आज पहिल्यांदाच वाटतो.

पत्राखाली ‘तुझी लहान बहीण’ लिहायची लहानपणापासूनची सवय आहे. या वेळी ती जागा रिकामी सोडली आहे. तिथं काय लिहायचं ते तू ठरव.

..............................
साधना